न विचारलेलं आडनाव

आमच्या घरात दोन गोष्टींना बंदी होती. जेवताना टीव्ही लावणं, आणि कुणालाही आडनाव विचारणं. पहिली बंदी क्रिकेटच्या दिवसांत सैल व्हायची. दुसरी कधीच नाही.

या बंदीचं मूळ एका पत्रकात होतं. आई-बाबा नाशिकला कॉलेजात असताना ज्या गटात होते, तो गट पत्रकं काढायचा. हुंड्यावर, बुवाबाजीवर, पाण्याच्या हंड्यावर, जे टोचेल त्यावर. आडनावावरचं पत्रक आईनं लिहिलं होतं. ‘जातीची शेपटी कापा!’ असा मथळा, गुलाबी हलका कागद, आणि तळाला ‘किंमत : वाचून पुढे देणे.’ पत्रकात म्हटलं होतं की आपल्याकडे माणूस आडनाव विचारतो ते ओळख व्हावी म्हणून नव्हे. समोरच्याला कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवण्यासाठी. तेव्हा सांगू नका, विचारू नका.

आई-बाबांनी आडनावं टाकली, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, मी झाले आणि माझ्या नावापुढे आधी आईचं नाव लागलं, मग बाबांचं. पुढे काही नाही. आणि मग जातिअंताची लढाई लढणारी ही दोन माणसं सौदीला आली. पगारासाठी आली. हे सांगताना बाबांचा आवाज अजून खाली जातो. माझा जात नाही. कर्ज फेडून, आत्यांची शिक्षणं करून, वर तत्त्वंही सांभाळायची तर पैसा कुठून तरी यावाच लागतो.

बाबांचं काम समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रयोगशाळेत. जिद्दाच्या उत्तरेला, थुवालच्या विद्यापीठाच्या आवारात आम्हाला घर मिळालं तेव्हा मी सात वर्षांची होते. पत्रकं आमच्याबरोबर आली ती मसाल्याच्या डब्यांना गुंडाळून. जिद्दाच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं एक डबा उघडला, वास घेतला, शिंकला आणि हातानंच ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला पुढे, केलं. कागदाकडे त्यानं पाहिलंही नाही. मराठी वाचायला मी या कागदांवर शिकले. दुसऱ्या मुलांच्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं. माझ्या पानावर ‘बंधूंनो, किती दिवस गप्प बसणार?’ होतं, आणि त्याला गोड्या मसाल्याचा वास होता. आजही कुठे मसाला भाजत असला की मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

आडनाव नसण्याची गंमत सौदीत कळली. पासपोर्टाच्या वेळी नाशिकच्या कारकुनानं वैतागून बाबांचं पहिलं नावच आडनावाच्या रकान्यात टाकलं होतं. तेच इकाम्यावर, म्हणजे सौदीच्या रहिवासी परवान्यावर, आलं. मग दवाखान्यात, बँकेत, शाळेत, सगळीकडे आई म्हणजे मिसेस बाबा आणि मी मिस बाबा. आई चिडायची. “बापाचं आडनाव टाकलं, नवऱ्याचं घेतलं नाही, आणि शेवटी नवऱ्याचं अख्खं नावच गळ्यात पडलं!” बाबा म्हणायचे, “मी तर स्वतःचाच वंशज झालोय. माझं काय ते बघ.”

खरी मजा जिद्दाच्या मराठी मंडळींत यायची. गणपतीत कुणाच्या तरी घरी पडदे ओढून हळू आवाजात आरती व्हायची. आम्ही आरती संपायच्या बेतानं जायचो. तत्त्व आरतीपुरतं होतं, मोदकांपुरतं नाही. तिथे कुणी तरी काकू हमखास गाठायच्या.

“पूर्ण नाव काय गं तुझं?”

मी तीन नावं सांगायचे.

“हो, पण पुढे काय लावता?”

“काही नाही.”

“असं कसं? मूळचे कुठले?”

“नाशिकचे.”

“नाशिकात कुठे? कुलदैवत कोणतं? घरी मासे खाता का?”

ही जिन्याची पायरी-पायरी मला पाठ होती. आडनावाचं दार बंद दिसलं की गावाच्या खिडकीतून, नाहीतर मासळीच्या धुराड्यातून आत शिरायचं. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका काकूंना म्हणाले, “तुम्हाला माझी जात हवी असेल तर सरळ विचारा ना.” काकू लाल झाल्या, आईनं मला मागे ओढलं. गाडीत बसल्यावर मात्र तिनं पिशवीतून तीन मोदक काढून माझ्या हातात ठेवले.

शेजारी एक जर्मन गृहस्थ राहायचे. समुद्रातल्या प्रवाळाचा अभ्यास करायचे, त्यामुळे मान आणि हात कायम तांबूस भाजलेले. बायको वारलेली, मुलगी जर्मनीत. पहिल्याच महिन्यात आईनं त्यांना आमसुलाचं सार नेऊन दिलं. ते वाटी परत द्यायला आले ते जेवूनच गेले. तेव्हापासून शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. हातानं वरणभात खायला शिकले, पण भात कोपरापर्यंत जायचा. त्यांनी मला पहिल्या नावानं हाक मारायला सांगितलं होतं; आईनं ते धुडकावून लावलं. ते ‘काका’ झाले. त्यांनाही ते आवडलं असावं. फोनवर मुलीशी जर्मनमध्ये बोलताना मधेच ‘काका’ ऐकू यायचं आणि मग ते स्वतःशीच हसायचे.

काकांच्या दारावर आडनावाची पाटी होती. आवारातल्या बहुतेक दारांवर असायची. आमच्या दारावर आईनं स्वतः रंगवलेली तीन नावं होती, देवनागरीत. काकांची पाटी आम्ही येता-जाता वाचायचो, तीही नुसती अक्षरं म्हणून. हे मुद्दाम लिहिते. कारण आम्ही, म्हणजे आडनावाची दोन अक्षरं कानावर पडली तरी माणसाची सात पिढ्यांची पायरी ओळखणारा मराठी समाज, त्या पाटीपुढे पार निरक्षर होतो. त्या आडनावाकडे बघून जर्मनीतला माणूस क्षणभर थबकतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात आधी तोच प्रश्न येईल, जो ते जन्मभर ऐकत आले.

आमच्या जगात आडनाव बेधडक विचारणारा माणूस एकच होता. थुवाल गावात, मासळीबाजाराच्या मागे, रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका चाचांचं वाणसामानाचं दुकान होतं. सोडे, सुके बोंबील, आमसूल, उकडा तांदूळ. आवारातल्या चकचकीत सुपरमार्केटमध्ये जे मिळत नसे ते चाचांकडे मिळे. पहिल्या दिवशीच त्यांनी बाबांना विचारलं, “कुठचे तुमी? आडनाव काय?”

“आम्ही आडनाव लावत नाही.”

“लावू नका. पण हाय काय?”

“तेही सांगत नाही.”

चाचा खूप हसले. “अरे भाऊ, मी काय मुलगी द्यायला विचारतोय? बरं, नाशिकचे ना? मग तुमी नाशिककर. खलास.” चाचांची ही रीतच होती. गिऱ्हाईक आलं की त्याच्या गावाला ‘कर’ जोडून मोकळे. हैदराबादचा ड्रायव्हर हैदराबादकर, हाइलहून गव्हाचं पीठ आणणारा सौदी म्हातारा हाइलकर. म्हाताऱ्यालाही ते ठाऊक होतं; दारातूनच ‘हाइलकर!’ म्हणून आरोळी द्यायचा. त्याला ते नवीन वाटतच नसावं. जिद्दा-मक्केकडे ज्यांचे पूर्वज हजला आले आणि राहिले, त्यांची आडनावं अशीच आहेत, बुखाऱ्याचे ते बुखारी, हिंदचे ते हिंदी.

मी तेव्हा पत्रकांनी पेटलेली होते. तांदळाच्या पोत्याला टेकून मी चाचांना आडनावावर भाषण दिलं, मथळ्यापासून किमतीपर्यंत. चाचांनी सोडे तोलता तोलता सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर बोलतेस बाय. पण आमचं आडनाव म्हणजे आमचं गाव. ते टाकलं तर मी कुठचा?”

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावात त्यांच्याच आडनावाची हिंदू घरं आहेत, मुसलमान आहेत, आणि पूर्वी शनवार तेलीही होते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. ज्यू लोक. बोलायचे मराठी, बायका नऊवारी नेसायच्या.

“मग कुठे गेले ते?”

चाचांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि उत्तरेकडे नुसती हनुवटी केली. “तिकडं.” त्या देशाचं नाव या देशात ते कधी तोंडातून काढत नसत. “घर हाय अजून. माझा भाऊ अंगण झाडतो. आमचेच ते.”

‘आमचेच’ हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. पत्रकात बसणारा नव्हता तो.

मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी काका निवृत्त झाले. निवृत्त झालं की इकामा संपतो, इकामा संपला की घर सुटतं; तिथे म्हातारं होण्याची सोय नाही. शेवटच्या काही शुक्रवारांपैकी एका शुक्रवारी ते जेवायला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. आईला फुलं, बाबांना एक जुनी होकायंत्राची डबी, मला त्यांचा पाण्याखाली बघायचा चष्मा. भात वाढून झाला तरी त्यांनी हात लावला नाही.

“मला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “या घरात मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं गेलं नाही. तुम्ही शिकलेली माणसं आहात, पाटी रोज वाचता. तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही कधी विषय काढला नाहीत. असं घर मला दुसरीकडे मिळालं नाही. त्याबद्दल आभार.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे.

“काय विचारलं नाही?” बाबा म्हणाले.

“माझ्या नावाबद्दल.”

“अच्छा!” बाबांचा चेहरा खुलला. हा त्यांच्या हक्काचा विषय. “पण ते आम्ही कुणालाच विचारत नाही. तत्त्व आहे आमचं.” आणि बाबांनी मनापासून, अभिमानानं, सगळं सांगितलं. जात, पायऱ्या, पत्रक, बंदी. शेवटी म्हणाले, “तुमचं नाव म्हणजे आमच्यासाठी नुसती अक्षरं. त्यात ठाऊक असण्यासारखं काय आहे, तेही आम्हाला ठाऊक नाही.”

काकांनी ऐकून घेतलं. हसले. “फार चांगलं तत्त्व आहे,” म्हणाले. मग भात खाल्ला, नेहमीपेक्षा नीट, एक शीत न सांडता. आणि लवकर उठले.

पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. डोकं दुखतंय असा निरोप आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. सायकलवर दिसले की हात करायचे आणि पुढे जायचे. त्यांच्या दारात खोकी येऊन पडली. जाण्याचा दिवस जवळ येत होता आणि आमचा माणूस भिंतीपलीकडे असून आमच्यापासून तुटला होता, एक चांगलं तत्त्व ऐकून.

“आपण काय वाईट केलं?” बाबा पुन्हा पुन्हा म्हणायचे. “आपण तर विचारलंसुद्धा नाही!”

“तेच,” आई म्हणाली. ती शेंगा सोलत होती. “त्यांना वाटत होतं, आपण कळून गप्प आहोत. आपण न कळून गप्प होतो. तो माणूस इतकी वर्षं भरवशावर बसला होता, आणि तू त्याला सांगितलंस की खाली खुर्चीच नाही.”

“मग काय, आता जाऊन आडनाव विचारू? या वयात? तू लिहिलंयस ते, ‘विचारू नका’!”

“मीच लिहिलंय,” आई म्हणाली. “वीस वर्षांची होते. आपल्याकडच्या विचारण्याबद्दल लिहिलं. त्यांच्याकडचं विचारणं वेगळं असेल, तर मला त्यातलं काय कळत होतं?”

बाबांना ते पटलं नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर. पत्रक चुकीचं नव्हतं. आजही मी त्यातल्या एका ओळीलाही हात लावणार नाही. पण मी गेले. पत्रकावर वाढलेल्या माणसाला एक खोड असते, घोळ दिसला की गप्प बसवत नाही.

दुपार होती. काका बैठकीत जमिनीवर बसून प्रवाळाचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळत होते. मी उभीच राहिले. जन्मात मी तो प्रश्न कुणाला विचारला नव्हता. शाळेत नवीन मुलगी आली तरी नाही. जीभ त्या वळणाला वळेना.

“काका, तुमचं आडनाव...”

“नो,” काका म्हणाले.

इतकं चटकन, की मी पुढचं बोलूच शकले नाही. त्यांच्याही लक्षात आलं. हातातला टॉवेल त्यांनी खाली ठेवला.

“तू काय विचारत होतीस?”

“कुठून आलं, एवढंच.”

“बघ,” ते म्हणाले, “प्रश्न पुरा व्हायच्या आत मी ‘नाही’ म्हणतो. कारण शाळेपासून प्रश्न एकच असतो. तुम्ही ज्यू आहात का? आणि उत्तर एकच. नाही. तुमच्या घरी मला ते म्हणावं लागलं नाही. मला वाटलं होतं, ही सूट तुम्ही मला जाणून दिलीय.”

मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि जे सांगितलं ते मी त्यांच्या क्रमानं नाही, माझ्या क्रमानं सांगते, कारण त्यांचं बोलणं खोक्यांमधून वाट काढत होतं.

नदीकाठी एक छोटं गाव. त्या गावाच्या नावाला त्यांच्या भाषेतला शेवट जोडला की आडनाव तयार. म्हणजे आपल्या ‘कर’सारखं. मी हे म्हटलं तेव्हा आमच्याकडून नुसतं ऐकलेल्या चाचांची आठवण काढून त्यांनी मान हलवली. त्या गावातून काही ख्रिस्ती माणसं शेकडो वर्षांपूर्वी शहरांकडे गेली, आणि लोक त्यांना त्या गावचे म्हणून ओळखू लागले. त्याच गावात ज्यू घरंही होती. त्यांना आडनावं नव्हती. मुलाचं नाव आणि बापाचं नाव, बस. “तुझ्या पासपोर्टासारखं,” काका म्हणाले. मग दोनेकशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्यांनी फर्मानं काढली, प्रत्येकानं कायमचं आडनाव घ्यायचं. करवसुलीला बरं, सैन्यभरतीला बरं. कुणी धंद्याचं घेतलं, कुणी कसलं. गावातून बाहेर पडलेल्या ज्यूंपैकी काहींनी गावाचं घेतलं. असं एकच आडनाव दोन वाटांनी चालू लागलं. नुसतं नाव वाचून माणूस कुठल्या वाटेचा, हे सांगता येत नाही. तरी सगळे सांगतात.

त्यांनी मला संगणकावर एक नकाशा दाखवला. त्या आडनावाची माणसं जिथे जिथे राहतात तिथे ठिपके. जर्मनीच्या एका पट्ट्यात दाटी, मग अमेरिकेत भरपूर, थोडे अर्जेंटिनात, आणि थोडे ‘तिकडं’. मी चाचांसारखी हनुवटी केली तेव्हा ते हसले. मग त्यांनी मूळ गावावर बोट ठेवलं. तिथे ठिपका नव्हता.

“का, सांग.”

मी नकाशा मोठा करून पाहिला.

“दोन कारणं आहेत. पहिलं हसण्यासारखं आहे. गावातल्या माणसाला गावातले लोक त्या गावचा कशाला म्हणतील? गाव सोडल्यावरच ते नाव चिकटतं. दुसरं हसण्यासारखं नाही.”

त्यांच्या आजोबांचं एका शहरात टोप्यांचं दुकान होतं. त्याच रस्त्यावर चार दारं सोडून कापडाचं दुकान, तेच आडनाव, पण ज्यू वाटेचं. एकाची पत्रं दुसऱ्याकडे यायची. संध्याकाळी दोघं ती बदलून घ्यायचे आणि त्या निमित्तानं कॉफी प्यायचे. थोरला कोण, धाकटा कोण, गावातली घरं एकच होती का, असे वाद घालायचे. मग नाझींचे ते दिवस आले. टोपीवाल्या आजोबांनी चर्चमधून बाप्तिस्म्याचे दाखले आणून आपली वाट सिद्ध केली. आणि दुकानाच्या काचेत पाटी लावली. वर आडनाव, आणि खाली, ‘कापडवाल्यांशी आमचा काही संबंध नाही.’

“पाटी लावायला कुणी सांगितलं नव्हतं,” काका म्हणाले. “दाखले पुरेसे होते. पाटी त्यांनी आपणहून लावली.”

कापडवाल्यांना नेलं, आणि मूळ गावात उरलेल्या ज्यू घरांनाही. त्यांच्यातलं कुणी परत आलं नाही. आजोबांनी पुढे मूळ शोधलं नाही, कारण शोधणं धोक्याचं होतं. वडिलांनी शोधलं नाही, कारण लाज होती. काकांनी शोधलं, तोवर त्या गावातली कागदपत्रं जळून गेली होती.

“म्हणजे तुम्ही त्यांचे नातलग असू शकता?”

“असू शकतो. नसूही शकतो. पण दर वेळी कुणी विचारलं की मी ‘नाही’ म्हणतो, आणि दर वेळी काचेत ती पाटी परत लागते.”

माझ्यापाशी याला कुठलंही पत्रक नव्हतं. नाव टाकून द्या, हे मी तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. ज्यांना नेलं, त्यांचं मागे ते नावच तेवढं उरलं होतं. ते टाकणं म्हणजे शेपटी कापणं नव्हे. मला जे सुचलं ते एवढंच. मी चाचांच्या गावाची गोष्ट सांगितली. तेल्यांचं घर, भावानं झाडलेलं अंगण. शेवटी ‘आमचेच’ आला आणि मला त्याचं इंग्रजी करता येईना. ‘दे आर अवर्स’, ‘दे आर अवर पीपल’, सगळं करून पाहिलं. शेवटी मराठीतच म्हणाले.

“त्या चाचांकडे जाऊ या का?” काकांनी विचारलं.

त्या शुक्रवारी काका जेवायला आले. बाबा सारखं मीठ-लोणचं पुढे सरकवत होते. आईनं सार दोनदा वाढलं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दुकानं उघडल्यावर आम्ही चौघं थुवाल गावात गेलो. चाचा नुकतंच शटर वर करत होते.

“या या नाशिककर! भाभी, सोडे आलेत आज. आणि हे पाव्हणे?”

“आमचे शेजारी,” आई म्हणाली. “परत चाललेत.”

“कुठचे?” चाचांनी सरळ काकांनाच विचारलं, हिंदीत. “गाव कौन सा?”

काकांनी गावाचं नाव सांगितलं. शहराचं नाही, जिथे ते जन्मले त्याचं नाही. नदीकाठच्या त्या गावाचं, जिथे नकाशात ठिपका नव्हता. चाचांनी ते नाव तोंडात घोळवलं, त्याला ‘कर’ जोडून पाहिलं आणि खूश झाले. काका म्हणाले, त्यांचं आडनाव खरोखरच तसं आहे. मी मधे पडून दोन्हीकडचं सांगत होते. नाव, गाव, दोन वाटा. टोप्यांचं दुकान, कॉफी, ती पाटी, हेही काका स्वतःहून म्हणाले. बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

चाचांनी दाराकडे एक नजर टाकली, आवाज उतरवला. “म्हणजे ते आमच्या तेल्यांसारखे? त्यांच्यातले हायत का हे?”

मी ते काकांना सांगितलं. खरं तर सांगायची गरज नव्हती; तो प्रश्न ते कुठल्याही भाषेत ओळखत असणार. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ ‘नो’साठी गोल झालेले मला दिसले.

“मे बी,” काका म्हणाले. “आय डोंट नो.”

आपल्याला वाटतं, असं काही घडलं की वारा थांबतो. काही थांबलं नाही. पंखा गरगरत होता, बाहेर कुणी तरी हॉर्न वाजवत होतं.

“नाय माहीत तर नाय,” चाचा म्हणाले. “गाव तर माहीत हाय ना? बसा मग. चाय घ्या.” आणि तांदळाच्या दोन पोत्यांवर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी काकांना बसवलं, बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला, साखर जास्त घातली. काकांनी विचारलं की त्यांच्या गावात कुणी कधी चाचांच्या घरच्यांना त्या तेल्यांवरून, एकाच नावावरून, टोकलं नाही का? चाचांना प्रश्न समजायला वेळ लागला.

“टोकतील काय? विचारायचे, हे तुमचेच काय? आमी म्हणायचो, आमचेच.”

हा शब्द काकांनी ओळखला. माझ्याकडे बघून त्यांनी तो हळूच म्हणून पाहिला. ‘च’ त्यांना नीट जमला नाही.

परतताना ते पुढे बसले, बाबांच्या शेजारी. मांडीवर चाचांनी पैसे न घेता दिलेली आमसुलाची पुडी. उजवीकडे सपाट वाळू, डावीकडे समुद्र. आवाराचं फाटक दिसायला लागलं तेव्हा बाबा खाकरले. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, परीक्षेला बसल्यासारखं.

“ते कापडवाले,” बाबा म्हणाले, “त्यांना मुलं होती का?”

इतक्या वर्षांत बाबांनी काकांना त्यांच्या घराबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन मुली होत्या, म्हणाले. थोरली पियानो शिकवायची. आजीकडून ऐकलेली तिची एक गोष्ट आहे, टोपीच्या खोक्यात लपलेल्या मांजराची, सांगू का?

फाटकावरच्या शिपायानं आत सोडलं. बाबांनी गाडी घराकडे न वळवता समुद्रावरच्या लांबच्या रस्त्याला घातली.